फेरीतला सेकंद कोठे हरवतो?

वाचकहो, जुन्नर, आंबेगाव, खेडच्या बाजूला बैलगाड्यांची शर्यत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, की घाटात गाडी सुटली म्हणजे पुढचा न्याय घड्याळाच्या हाती जातो. बारी किती सेकंदांत गेली एवढेच घड्याळ सांगते. अर्धा सेकंद जास्त का लागला हे त्याला विचाराल तर ते मुके. मग पारावर वाद रंगतो. कोणी म्हणतो, जोडी सुटतानाच अडखळली. कोणी म्हणतो, मध्यावर दम गेला. ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे ठरते.

मोटारींच्या शर्यतीतही पुष्कळ वर्षे अशीच तऱ्हा होती. तेथे ट्रॅक म्हणजे फिरून मूळ जागी येणारा बंदिस्त मार्ग असतो. डावी-उजवी वळणे, मध्ये सरळ पट्टे. त्याची एक फेरी किती वेळात झाली हे मोजता येई, पण वेळ नेमका कोणत्या वळणावर सांडला हे चालकाच्या अंदाजावर सोडावे लागे. आणि चालकाचा अंदाज हा फार मजेशीर प्रकार असतो. जेथे टायर किंचाळले, पोटात गोळा आला, तेथे आपण फार वेगाने गेलो असे त्याला मनापासून वाटते. पुष्कळदा तो नेमका तेथेच मागे पडलेला असतो. हे आज ठामपणे म्हणता येते, कारण आता गाडी स्वतःच स्वतःची रोजनिशी लिहू लागली आहे. ती रोजनिशी कशी लिहिली जाते आणि कशी वाचावी, एवढाच आजचा विषय.

हे काही आपल्यापासून दूरचे प्रकरण नाही, बरे का. पुण्याच्या डायना पंडोले यांनी २०२४ साली राष्ट्रीय मोटार शर्यतींत सलून गाड्यांच्या गटाचे अजिंक्यपद मिळवले. पूर्वी त्या शिक्षिका होत्या, हे आमच्या शिक्षक वाचकांना मुद्दाम सांगतो.

गाडीला वेग कळतो कसा? बैलगाडीच्या चाकाच्या एका आऱ्याला फडके बांधा, ते किती वेळा वर आले ते मोजा, आणि त्या आकड्याला चाकाच्या परिघाने गुणा. अंतर मिळाले. मोटारीत फडक्याच्या जागी दाते पाडलेली एक कडी चाकाबरोबर फिरते आणि शेजारी एक चुंबकीय सेन्सर हे दाते मोजत बसतो. हे सेन्सर शर्यतीसाठी बसवलेलेच नाहीत. जोराने ब्रेक दाबला असता चाक अडकून गाडी घसरू नये, म्हणून जी एबीएस नावाची यंत्रणा असते, तिचे ते डोळे आहेत. बॉश कंपनीची ही यंत्रणा १९७८ साली मर्सिडीज गाडीत आली. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. पुढे गाडीचा तोल सावरणारी आणखी एक यंत्रणा निघाली. तिच्यासाठी स्टिअरिंग किती अंश फिरले, गाडी आपल्याभोवती किती वेगाने वळते आहे आणि बाजूला किती जोराने लोटली जाते आहे, हे मोजणारे सेन्सर आले. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला, इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होताहेत, पाणी किती तापले, ही माहिती तर इंजिनाला स्वतःच्या कामासाठीच लागते. म्हणजे आज बाजारातून साधी गाडी आणली तरी तिच्यात प्रयोगशाळेला शोभतील अशी मोजमापाची साधने आधीच बसलेली असतात. आपण त्यांना काही विचारत नाही, एवढेच.

ही सारी साधने आपसांत एका जोडतारेवरून बोलतात. ही पद्धतही बॉशचीच, १९८६ साली जाहीर झालेली. स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. गॅरेजमधला मिस्त्री बिघाड शोधायला त्यालाच आपले यंत्र जोडतो. तेथे एक लहानसे नोंदयंत्र जोडले, किंवा ती जोडतार थेट ऐकली, की फेरीभराची माहिती साठवता येते. या दोहोंत एक भेद आहे. सॉकेटवर प्रश्न विचारून उत्तर घ्यावे लागते, त्यामुळे सेकंदाला मोजकीच उत्तरे मिळतात. जोडतार थेट ऐकली तर काही सेन्सर सेकंदाला शंभर वेळासुद्धा बोलताना सापडतात. मात्र त्यांची सांकेतिक भाषा प्रत्येक कंपनीची निराळी, आणि ती उलगडणे हे किचकट काम आहे.

गाडी कोठे होती हे सांगायला उपग्रहावर चालणारा जीपीएस लागतो. आपल्या खिशातल्या फोनमध्ये तो असतोच, पण तो सहसा सेकंदाला एकदाच आपली जागा सांगतो. आता हिशेब करू. ताशी १४४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४० मीटर. सेकंदाला एकच नोंद असेल, तर दोन नोंदींच्या मध्ये ४० मीटरचा मार्ग आंधळा गेला. एवढ्यात अख्खे वळण सुरू होऊन जाते! सेकंदाला दहा नोंदी घेणारे यंत्र असेल तर हे अंतर ४ मीटरवर येते, पंचवीस नोंदींना १.६ मीटरवर. ट्रॅकवरच्या अभ्यासाला निदान दहा नोंदींचे यंत्र असावे, असे म्हणतात ते यासाठी.

आता ही रोजनिशी वाचायची कशी? येथे एक साधी पण फार महत्त्वाची युक्ती आहे. आपण आलेख काढताना सहसा आडव्या अक्षावर वेळ घेतो. दोन फेऱ्यांची तुलना करताना तसे केले तर घोटाळा होतो, कारण हळू फेरीत तिसरे वळण उशिरा येते, वेगवान फेरीत लवकर. दोन्ही आलेखांतली वळणे एकमेकांखाली बसतच नाहीत. म्हणून आडव्या अक्षावर वेळ न घेता अंतर घेतात. आरंभरेषेपासून ८०० मीटरवर कालच्या फेरीत वेग किती होता आणि आज किती, हे मग एका नजरेत दिसते. शेतकरी दोन सालांच्या पिकाची तुलना करताना त्याच वाफ्याची त्याच वाफ्याशी करतो ना, तसेच हे. याच्या खाली आणखी एक रेघ काढतात: प्रत्येक जागी आजची फेरी कालच्यापेक्षा किती सेकंद पुढे किंवा मागे आहे याची. ही रेघ जेथे वर चढू लागते तेथे वेळ सांडतो आहे. पारावरच्या वादाचा निकाल ही एक रेघ लावते.

एक खरे वळण घेऊ. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट नावाचा ट्रॅक आहे. ३० ऑक्टोबर २०११ रोजी तेथे फॉर्म्युला वनची भारतातली पहिली शर्यत झाली. २०१३ नंतर ती शर्यत काही तेथे आली नाही. एका फेरीची लांबी पाच किलोमीटरांहून थोडी अधिक, वळणे सोळा. त्यांतले तिसरे वळण चढावर आहे, उजवीकडे, चांगलेच घट्ट. आणि त्यातून बाहेर पडले की समोर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा. या वळणावर हौशी चालक काय करतो ते पाहू. आकडे मी सोपे, हिशेबापुरते घेतले आहेत. शिक्षकांनी ते वर्गात फळ्यावर मांडून पाहावेत.

समजा, वळणाकडे गाडी ताशी १४४ किलोमीटरने येते आणि वळणासाठी वेग ७२ वर आणायचा आहे. म्हणजे सेकंदाला ४० मीटरवरून २० वर. ब्रेकने दर सेकंदाला ९ मीटर वेग कमी होत असेल, तर त्याला सुमारे ६७ मीटर अंतर लागते. चालकाला वाटते, आपण थोडे धैर्य दाखवू, पाच मीटर उशिरा ब्रेक मारू. ठीक आहे. तेवढ्याच वेगाला उतरायचे, तर ब्रेक आणखी जोराने, टायरच्या अगदी शेवटच्या ताकदीपर्यंत दाबावा लागेल. एवढा जीव टांगून वेळ किती वाचला? सुमारे चार शतांश सेकंद. फक्त ०.०४.

आता दुसरा चालक घ्या. तो पहिल्याच्याच जागी ब्रेक मारतो, बाकी अधिक काही करत नाही. पण वळणात गाडी अगोदर सरळ करतो, अ‍ॅक्सिलरेटर अगोदर उघडतो, आणि पट्ट्यावर ताशी ७२ ऐवजी ७७ किलोमीटरने निघतो. दोन्ही गाड्या पुढे दर सेकंदाला सारखाच, दीड मीटर, वेग वाढवतात असे धरले, तर हजार मीटरांच्या शेवटी दुसरा पहिल्याच्या ०.६ सेकंद पुढे असतो. खऱ्या गाडीत आरंभी वेग भराभर वाढतो आणि पुढे हवेचा विरोध त्याला आवरतो, म्हणून हा आकडा थोडा कमी भरेल. तरी चार शतांशांशी त्याची बरोबरी होणार नाही.

गंमत अशी, की पहिल्या चालकाला आपणच वेगवान असे वाटत असते. छाती त्याची धडधडली! दुसऱ्याला काही विशेष घडल्यासारखे वाटतही नाही. शिवाय उशिरा ब्रेक मारण्याचे कर्ज पुढे फेडावे लागते. आलेखावर ते स्पष्ट उमटते: गाडी वळणात जरा जास्त वेगाने शिरली, ठरल्या रेषेच्या बाहेर गेली, चालकाने स्टिअरिंग आणखी वळवले, मग सोडले, मग पुन्हा वळवले, आणि या सावरासावरीत अ‍ॅक्सिलरेटर पंधरा-वीस मीटर उशिरा उघडला. आरंभी मिळवलेले चार शतांश निघताना कित्येक पटींनी गेले. ‘सावकाश शिरा, वेगाने निघा’ असे शर्यतीतले जुने उस्ताद पूर्वीपासून सांगत आले आहेत. ते त्यांना यंत्रांवाचून उमगले होते, याचे मला मोठे कौतुक वाटते.

आणखी एक जागा आलेख हमखास दाखवतो. ब्रेकवरून पाय उचलला आणि अ‍ॅक्सिलरेटरवर अजून ठेवला नाही, असा एक मधला काळ असतो. चालकाला तो जाणवतही नाही. पण आलेखावर दोन्ही रेघा शून्याला टेकलेल्या दिसतात. ताशी ७२ च्या वेगाने अर्धा सेकंद असा गेला, तर गाडी दहा मीटर नुसती वाहत गेली. सोळा वळणांपैकी आठ ठिकाणी असे घडले, की फेरीत चार सेकंद गाडी कोणीच चालवत नव्हते! साध्या गाडीत ब्रेक किती दाबला याचा आकडा सॉकेटवर मिळत नसला, तरी वेग कसा उतरतो आहे यावरून ही रिकामी जागा ओळखता येते.

हे सारे टायरच्या पकडीपाशी येऊन थांबते. पकड म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार समजा. ब्रेकवर खर्च केलात तर वळण्याला कमी उरतो. मात्र येथली वजाबाकी साधी नाही, आणि गणिताच्या शिक्षकांना ती आवडावी. ब्रेकची ओढ आणि वळणाची ओढ एकमेकींशी काटकोनात असतात, म्हणून येथे पायथागोरस लागू पडतो. एकूण पकड १ धरा. ब्रेकवर ०.८ खर्च केली, तर वळायला ०.२ नव्हे, ०.६ उरते, कारण ०.६४ आणि ०.३६ मिळून १ होतात. ब्रेक ०.६ वर आणला की वळायला ०.८ मिळते. या हिशेबावरूनच जाणता चालक वळणात शिरताना ब्रेक एकदम सोडत नाही. स्टिअरिंग जसजसे वळते तसतसा तो ब्रेकवरचा पाय हलका करत नेतो, म्हणजे पगारातला पैसा एकीकडून दुसरीकडे वळतो आणि मध्ये काही पडून राहत नाही. सेन्सरच्या नोंदींतून पुढची-मागची ओढ एका अक्षावर आणि बाजूची ओढ दुसऱ्या अक्षावर मांडली, की ठिपक्यांचे एक चित्र तयार होते. मुरलेल्या चालकाचे चित्र भाकरीसारखे गोल भरते. नवख्याचे अधिकच्या चिन्हासारखे येते: आधी निव्वळ ब्रेक, मग निव्वळ वळण, मग निव्वळ अ‍ॅक्सिलरेटर. मधली जागा कोरी. या कोऱ्या जागेत त्याचा वेळ लपलेला असतो.

ट्रॅकची पूर्ण रुंदी का वापरायची, हेही आकड्यांवरून समजते. बाजूची ओढ म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. टायर ९ मीटर प्रतिसेकंद वर्ग एवढी ओढ सहन करत असेल, तर ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी सुमारे ७६ किलोमीटर वेग झेपतो. बाहेरून शिरून, आतल्या कडेला स्पर्श करून, पुन्हा बाहेर निघाले आणि त्रिज्या ६० मीटर केली, तर तोच टायर ८३-८४ झेपवतो. ट्रॅकवर समोरून कोणी येत नसते, म्हणून हे चालते. गावाकडच्या रस्त्यावर वळणाला पलीकडच्या बाजूने शिरणे म्हणजे समोरच्या एसटीला आमंत्रण. ट्रॅकवरची विद्या ट्रॅकवरच राहू द्यावी, हे तरुण वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता रोजनिशी नेहमी खरेच लिहिते का? नाही. तिच्या खोड्या माहीत असाव्या लागतात. समोरचा वेगदर्शक काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. कमी दाखवायला नियमाने मनाई असल्याने कंपन्या तसे ठेवतात. टायर झिजला की चाकाचा परिघ घटतो, दाते भराभर मोजले जातात आणि वेग आहे त्याहून अधिक नोंदला जातो. ब्रेक मारताना चाक क्षणभर अडकले, तर चाकाचा सेन्सर म्हणतो ‘गाडी थांबली’, आणि गाडी तर घसरत पुढे चाललेली असते. पण हेच खोटे बोलणे उपयोगी पडते. चाकाचा वेग आणि जीपीएसचा वेग शेजारी शेजारी ठेवा. ते जेथे फुटतात तेथे टायर घसरला असे समजा. खटल्यात दोन साक्षीदारांची जबानी जुळली नाही की वकील जसा सावध होतो, तसे तेथे थांबून पाहावे. फोन वापरत असाल तर तो घट्ट बांधा. हलत्या फोनने मोजलेली ओढ ही गाडीची नसते, फोनची असते.

आता जी गोष्ट सांगतो तिच्यापुढे फेरीची वेळ गौण आहे. बाराशे किलो वजनाची गाडी ताशी १४४ वरून ७२ वर आणताना तिच्यातली जी गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते, तेवढ्यात ३० अंशांवरचे अडीच लिटर पाणी उकळीला येईल. हे घडते दोन-सव्वादोन सेकंदांत, आणि फेरीत पुन्हा पुन्हा. ब्रेक ऑइल ही उष्णता सोसते, पण त्याला हवेतला ओलावा शोषायची सवय असते. डॉट ४ जातीचे नवे ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असे मानक आहे. ओलावा धरलेल्या त्याच ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर उतरते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

हे संकट एका क्षणात उभे राहिल्यासारखे वाटते, पण बहुधा ब्रेकची शक्ती त्याआधीच फेरीगणिक थोडी थोडी ढळू लागलेली असते, आणि नोंदींत ते उमटलेले असते. पहिल्या फेरीला ब्रेकने सेकंदाला ९ मीटर वेग उतरत होता. चौथ्या फेरीला त्याच जागी, पाय तितकाच जोराने दाबूनही, आठच उतरतो आहे. चालकाचा पाय नकळत आणखी जोर देतो आणि मनाला वाटते सारे पूर्वीसारखेच आहे. कागदावरची रेघ मात्र फसत नाही. नऊचे आठ झालेले दिसले, की पुढच्या सत्रात फेऱ्या कमी करायच्या, ब्रेक ऑइल जुने असेल तर बदलल्याशिवाय पुन्हा ट्रॅकवर उतरायचे नाही. सत्र संपताना शेवटची फेरी मुद्दाम सावकाश घ्यायची, म्हणजे वाऱ्याने ब्रेक निवतात. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेल्या भागावर पॅड दाबून ठेवले तर ते चिकटतात. त्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला उटी लावायची.

अभ्यासाची रीत सांगून थांबतो. तुलना आपल्याच दोन फेऱ्यांची करावी, आणि त्याही एकाच दिवशीच्या, टायर सारखेच तापलेले असताना. ज्या फेरीत पुढे दुसरी गाडी आडवी आली ती बाजूला ठेवावी. एका सत्रात एकच वळण घ्यावे आणि त्यात एकच बदल करावा. तीन बदल एकदम केले तर गुण कशाचा हे कळत नाही. आणि गाडीतून उतरल्यावर आलेख उघडण्याअगोदर एका कागदावर लिहून काढावे: माझ्या मते माझा वेळ अमुक वळणावर, अमुक कारणाने गेला. मग आलेख पाहावा. सुरुवातीला हा कागद आणि तो आलेख एकमेकांशी भांडतील. पाच-सहा सत्रांनंतर त्यांचे जमू लागते. तेव्हा सॉकेटमधले यंत्र एखाद्या दिवशी घरी राहिले तरी चालते.